सिरीकिंग

होळीला आठ दिवस. रात्रीचे साडेनऊ. लाइट आत्ताच आली.

आज अंगणवाडीत हजेरी सव्वीस. संक्रांतीच्या सुमाराला अकरा होती. दिवाळी झाली की आमचं अर्धं गाव मेळघाट उतरतं. कोणी परतवाड्याकडं वीटभट्टीवर, कोणी हरभरा सोंगायला. होळीला मात्र सगळे परत वर येतात. कोरकू आदिवासी माणूस होळी बाहेर करत नाही. पोरं येतात ती केस भुरे झालेली, टाचा फुटलेल्या. दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली की मागच्या वेळी हिरव्यात असलेलं एखादं पिवळ्यात निघतं. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली पिवळं, साडेअकराच्या खाली लाल. आज पिवळी चार, लाल एकही नाही. हे आधीच लिहून टाकलं, कारण खरं लिहायचंय ते वेगळंच.

वीटभट्टीवरून आलेल्यांत एक चार वर्षांची पोरगी आहे. सप्टेंबरात नोंदवहीतलं तिचं पान मीच भरलं होतं. बोलते का, नाही. रंग ओळखते का, नाही. दोनपर्यंत मोजते का, नाही. शेरा: मंद. हा शब्द मी निळ्या पेनानं लिहिलाय. आज वही काढून पाहिला तर अक्षरही चांगलं आलंय.

दुपारी खिचडी झाल्यावर पोरं नळावर हात धूत होती. तेवढ्यात शेजारच्या दोन बकऱ्या ओट्यावर चढल्या आणि ताटांत तोंड घालायला लागल्या. ही पोरगी काडी घेऊन धावली आणि ओरडली, "सिरीकिंग! सिरीकिंग!" असा खणखणीत आवाज की मी वळूनच पाहिलं. जिला मी पाच महिन्यांपूर्वी मुकी ठरवली होती, ती बकऱ्यांना चांगली दोन मिनिटं शिव्या देत होती. (शिव्याच असाव्यात. मदतनीस मावशी तोंडाला पदर लावून हसत होती.)

मी विचारलं, "बकरीला सिरी म्हणतात ना? मग हे किंग काय?"

मावशी म्हणाली, "दो है ना ताई. एक रहे तो सिरी. दो रहे तो सिरीकिंग. बहुत रहे तो सिरीकू."

मी या गावात लग्न होऊन आले त्याला अकरा वर्षं झाली. डा म्हणजे पाणी, कूला म्हणजे वाघ, मिया-बारी-आफई म्हणजे एक-दोन-तीन, एवढं येतं. कामापुरतं येतं असं मी सगळ्यांना सांगतेही. पण दोनसाठी शब्दाला वेगळी शेपटी लागते हे मला ठाऊक नव्हतं. तशी संस्कृतात द्विवचनाची शिक्षा आम्हीही शाळेत भोगलीय, पण कोरकूचं संस्कृताशी काही नातं नाही. ती झारखंडकडच्या संताळी-मुंडारी भाषांच्या कुळातली. कोरकू या नावातच तो कू आहे. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसं. रोज तोंडात असलेला शब्द, कधी उघडून पाहिला नाही.

म्हणजे जिला मी "दोन कळत नाही" असं लिहिलं, तिला बकऱ्या एक आहे, दोन आहेत की जास्त, हे पाहिल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही.

मग मला चेव आला. मी दोन गोटे उचलले आणि कोरकूत गोट्याला काय म्हणतात ते मावशीला विचारून त्याला किंग जोडून दाखवलं. पोरगी माझ्याकडं बघतच राहिली, मग फिस्सकन हसली. मावशीही. "पत्थर को नहीं लगता ताई. उसमें जान कहाँ है?"

सजीव-निर्जीव हा आमच्या तक्त्यावरचा एक अख्खा विषय आहे. एका बाजूला फूल, मासा, चिमणी. दुसरीकडं खुर्ची, बादली. तो मी दरवर्षी हातवारे करून शिकवते.

सुरुवातीची वर्षं आठवली. भिंतीवर सफरचंद, द्राक्षं, आगगाडी. आमच्याकडं आगगाडी पाहिलेलं पोरगं शोधून सापडायचं नाही. मी बोट ठेवून विचारायची, "हे काय?" आणि पोरं माझ्या बोटाकडं बघायची. अंगणात मात्र मोहाचं फूल, चारोळीचं बी, तेंदूचं पान, त्यांना सगळं नावानिशी ठाऊक. पण ते त्या पानावर भरायला रकाना नाही.

आता मातृभाषेतून शिकवा म्हणतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तसं लिहिलंच आहे, आणि चांगलंच आहे. पण इथं मातृभाषा येते कोणाला? मावशीला. तिचं काम झाडणं, पाणी भरणं, खिचडी रांधणं, पोरांना घरून आणणं. मानधन माझ्यापेक्षा कमी. आणि तक्त्यासमोर उभी कोण, तर परतवाड्याची मी. मी हे तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "मैं तो चूल्हे पे ही ठीक हूँ ताई." तिला खरंच तसं वाटतं की माझं मन राखायला म्हणाली, कळलं नाही. आठवड्यातून दोन दिवस गोष्टीला तीच बसेल, खिचडीला मी, असं ठरवलंय. माझी खिचडी खाली लागते, हे पोरांच्या नशिबात.

संध्याकाळी त्या पोरीच्या घरी जाऊन आले. आई बांबूच्या टोपल्या काढून झटकत होती, मोह पडायला लागलाय. म्हणाली, भट्टीवर दिवसभर धाकट्याला हीच घेऊन बसायची, बोलायला होतंच कोण. धाकटा दोन वर्षांचा. आजचं अर्धं अंडं पोरीनं फ्रॉकच्या खिशात घालून त्याच्यासाठी आणलं होतं, त्याला खिशातला कचराही चिकटलेला. मी म्हटलं, अगं, अंडं त्यालाही मिळतं, त्याला उद्या घेऊन ये. माझं मराठी-हिंदी-कोरकू तिला कितपत कळलं देव जाणे. आईनं परत सांगितलं तेव्हा मान हलवली.

त्या शब्दावर रेघ मारली. निळी शाई, खोडता येत नाही. रेघेखालून वाचता येतोच.

उद्या वजनं. मावशी म्हणते आठच्या आत उरका, नंतर बाया मोह वेचायला जातात. काट्याची झोळी धुवायची राहिली आहे.