समोरचं रान

मार्च संपत आला होता. नाशिकला त्या दिवसांत दुपारचं ऊन चांगलंच तापतं, म्हणून आम्ही उड्डाणं सकाळीच उरकतो. माझ्या डावीकडे एकोणीस वर्षांचा विद्यार्थी बसला होता. विमान सेसना १५२, म्हणजे दोन माणसांचं, ११० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरी लायकमिंग इंजिनाचं. तपासणी त्यानं मन लावून केली होती. टाकीच्या तळातून काढलेलं विमानाचं पेट्रोल म्हणजेच अ‍ॅवगॅस उजेडात धरून मला दाखवलं होतं. निळं, स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. इंजिनाला ठिणगी देणारे दोन्ही मॅग्नेटो ठीक, तेलाचा दाब ठीक.

धावपट्टी मागे पडली आणि साडेतीनशे फुटांवर इंजिन अडखळलं. आधी एक ठोका चुकला, मग अख्खं विमान थरथरायला लागलं. इंजिन पुरतं बंद पडलं नव्हतं, आणि धोका तिथेच जास्त असतो. इंजिन चालू आहे असं कानाला वाटत राहतं, म्हणून माणूस नाक वरच धरून ठेवतो. आमचा वेग मात्र झरझर उतरत होता.

पोरानं दोन गोष्टी केल्या. नाक वर ओढलं आणि धावपट्टीकडे वळायला डावा पंख खाली घेतला. त्यात त्याचा दोष नाही. घर मागे असलं की प्रत्येकाचा हात तिकडेच वळतो. मी म्हटलं, "आय हॅव कंट्रोल्स," म्हणजे विमान आता माझ्या हातात, आणि नाक खाली केलं. त्यानं लगेच हात काढले. त्या एका शिस्तीसाठी मी त्याचा कायम ऋणी आहे.

परत वळणं का जमत नाही, हे मी वर्गात फळ्यावर कितीदा काढून दाखवलंय. १८० अंश वळून भागत नाही. तेवढं वळल्यावर धावपट्टी बाजूला राहते, तिच्या रेषेत यायला आणखी वळावं लागतं. विमान ४५ अंश कललं की ज्या वेगाला ते स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल मोडते, तो वेग जवळपास १९ टक्क्यांनी वाढतो. उंची नाही, वेग नाही, आणि त्यात कललेलं विमान स्टॉल झालं की एक पंख आधी पडतो. या उंचीवरून ते सावरत नाही. म्हणून समोर, फार तर थोडं डावी-उजवीकडे, जे मिळेल तिथे उतरायचं.

समोर काय होतं? नाकाच्या रेषेत द्राक्षबाग. वरून ती हिरवीगार, मऊ गादी दिसते. पण खाली लोखंडी अँगल रोवलेले असतात, त्यांवर ताणलेल्या तारा. साठ नॉटच्या, म्हणजे ताशी साधारण ११० किलोमीटरच्या वेगानं त्यात शिरलं तर काय होईल ते सांगायला नको. डावीकडच्या रानात बायका कांदा काढत होत्या. त्यांची रंगीत लुगडी स्पष्ट दिसत होती. त्याला लागून उजवीकडे कांदा निघालेलं मोकळं रान होतं, कडेला पातीनं झाकलेला ढीग. तेच धरलं.

हातात जेमतेम अर्धं मिनिट होतं. फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या पट्ट्या, खाली; मिक्श्चर, म्हणजे इंजिनात जाणारं इंधन-हवेचं मिश्रण, बंद; इंधन बंद, मॅग्नेटो बंद, शेवटी विजेचा मास्टर स्विच. "दार उघड," मी ओरडलो. चौकट वाकली तर दार अडकतं, म्हणून ते टेकण्याआधीच उघडायचं. मागची चाकं टेकली, वाफ्यांचे वरंबे फोडत विमान घसरलं, मग पुढचं चाक एका बांधाला अडलं आणि मोडलं. नाक जमिनीत, शेपूट वर. धूळ बसेपर्यंत आम्ही बाहेर होतो. पोराचा ओठ फाटला होता, माझ्या खांद्यावर पट्ट्याचा वळ.

सगळ्यात आधी पोहोचल्या त्या कांदा काढणाऱ्या बायका. एका आजींनी पोराला खाली बसवलं, पदरानं त्याचा ओठ दाबून धरला. "कोनाचं लेकरू हाय रे," एवढंच म्हणत होत्या. पंखातून इंधन ठिबकत होतं आणि मागून येणाऱ्या एका बाबांच्या तोंडात पेटती बिडी! "बाबा, बिडी विझवा आधी, लांबच थांबा!" माझा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा चिरकला तो तिथे. त्यांनी बिडी चुरगाळली आणि मग तेच सगळ्यांना मागे सारत राहिले.

पुढचं नेहमीचं: पोलीस, डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), तपास होईपर्यंत कुणी हात लावू नये म्हणून पहारा. इंजिन उघडलं तेव्हा एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळलेला वायू बाहेर सोडणारी झडप, त्याच्या गाइडमध्ये (ज्या नळीत तो सरकतो तिच्यात) अडकलेला निघाला, त्याला ढकलणारा पुशरॉड वाकलेला. अ‍ॅवगॅसमधलं शिसं आणि जळलेलं तेल यांचा थर तिथे साचत जातो. सकाळच्या तपासणीत तो दिसणं शक्यच नसतं.

पोरगा पुन्हा उडतोय. आता टेक ऑफच्या आधी मी त्याला आणि बाकीच्यांनाही विचारतो, आज समोर काय आहे? नुसतं 'शेत' हे उत्तर मला चालत नाही. बाग कुठे, कांदा निघालेलं रान कुठे, माणसं कुठे काम करतायत, वाफे आडवे की उभे, सगळं सांगायचं. हंगाम बदलला की उत्तर बदलतं. त्यासाठी अधूनमधून मी त्यांना मोटारसायकलवरून त्या वाटेनं फिरवून आणतो, बांधावर उतरवून अँगलला हात लावायला लावतो.