हुकाचं भोक लांबटलं की सेंटर कुठून धरायचं: माझा अनुभव

ऐन उसाच्या हंगामात ट्रॅक्टरचा हूक दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. खरं काम होतं दीड दिवसाचं. टोळी फडात बसून, ट्रॉल्या रिकाम्या, आणि हे सगळं भोक पुन्हा कापताना धरलेल्या एका चुकीच्या सेंटरपायी, म्हणजे मध्यबिंदूपायी. ज्यांच्या ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या लागतात त्यांनी लेथच्या दुकानात जाण्याआधी हे वाचावं.

झीज ओळखायला सोपी असते. गिअर बदलताना, उतारावर ब्रेक मारताना मागून ‘ठक्क’ असा आवाज येतो. हुकाच्या वरच्या-खालच्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये बसणारी ट्रॉलीची कडी यांना जोडणारी पिन काढून हातात घ्या. मधला भाग पुढच्या अंगाने खाल्लेला असतो, वरचा आणि खालचा मागच्या अंगाने. नवी पिन शेजारी धरली की जुनी गुडघ्यात वाकल्यासारखी दिसते. हुकाच्या दोन पट्ट्या पिनला पुढे ओढतात आणि ट्रॉलीची कडी तिला मागे खेचते, म्हणून हुकाचं भोक मागच्या बाजूला लांबतं आणि कडीचं पुढच्या बाजूला. ब्रेक मारला की ट्रॉली ढकलते, तेव्हा उलट बाजूही थोडा मार खाते, पण फार नाही.

व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) लावला तेव्हा वरच्या पट्टीचं भोक आडवं 33 मिमी आणि पुढे-मागे 38 भरलं. खालच्या पट्टीचं 36. पिन मुळात 32ची, वरच्या पट्टीत बसते तिथे 30 उरलेली. म्हणजे तिथेच 8 मिमी खेळ. प्रत्येक हिसक्याला 20 टन ऊस तेवढं अंतर धावून आदळतो, आणि झीज वाढेल तसा तडाखाही वाढत जातो.

हूक काढला, तारेच्या ब्रशने घासला, रॉकेल लावून पुसला आणि वर खडूची पूड चोळली. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येऊन पुडीवर काळी रेघ उमटते. रेघ नव्हती. असती तर हूकच बदलायचा, बुशच्या (भोक मोठं कापून आत दाबून बसवायच्या पोलादी नळीच्या) नादी लागायचं नाही.

अडलं ते इथे. लेथवाल्याने लांबटलेल्या भोकाचा मध्य काढला आणि तेच सेंटर धरून दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या बांधून 40पर्यंत कापल्या. वर झीज 5 मिमी, म्हणजे त्याचं सेंटर मूळ जागेपासून अडीच मिमी मागे. खाली झीज 3, तिथे दीड मिमी मागे. दोन भोकांत एक मिमीचा फरक पडला. बुश बसवले, पिन वरून घातली, ती खालच्या बुशच्या ओठावर येऊन थांबली. अर्ध्या मिमीच्या मोकळिकीत एक मिमीचा फरक मावतच नाही. मग म्हणे पिन घासून बारीक करू! खेळ घालवायला आलेल्या माणसाला पुन्हा खेळ करून देणार. नाही म्हटल्यावर काम कोपऱ्यात पडलं. ‘उद्या या’ ऐकण्यात आठवडा गेला. शेवटी हूक उचलून बोअरिंग मशीन (भोक मोठं कापायचं यंत्र) असलेल्या दुसऱ्या दुकानात नेला.

तिथे मी जे सांगितलं तेच लेथवाल्यालाही पहिल्या दिवशी सांगितलं होतं: सेंटर न झिजलेल्या पुढच्या कडेवरून धरायचं. मूळ भोक 33चं, म्हणून पुढच्या कडेपासून साडेसोळा मिमी मागे, आणि दोन्ही पट्ट्या एकाच सेटिंगमध्ये, एकाच बोअरिंग बारने कापायच्या. आधीच्या कापणीने पुढची कड गेली होती, पण घेतलेली मापं कागदावर होती म्हणून निभावलं. मापं लिहून ठेवाच. आधीच बरोबर झालं असतं तर भोक 44चं करून भागलं असतं. आता 46 करावं लागलं, पट्टीचं मांस प्रत्येक बाजूने एक मिमी जास्त गेलं. ईएन 8 पोलादाचे बुश, आतून साडेबत्तीस, बाहेरून भोकापेक्षा चार शतांश मिमी जाड, प्रेसवर दाबून बसवले. पिन हाताने सरळ खाली उतरली. त्या क्षणी फार बरं वाटलं.

एक आधी सांगायला हवं होतं. बरेच जण भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडतात. हूक ओतीव, म्हणजे बिडाचा, असेल तर वेल्डच्या कडेने तडा जातो. ग्राइंडर लावून ठिणगी बघा: बिडाची आखूड आणि लालसर, पोलादाची लांब आणि पांढरट. पोलाद असेल आणि वेल्डिंग करायचंच असेल तर 7018 नंबरचा वेल्डिंग रॉड भट्टीत सुकवलेला घ्या, बॅटरीची वायर काढा आणि अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून जातो.

पिनच्या जागी सळईचा तुकडा अजिबात नको. तो वाकतो आणि मग निघत नाही. ट्रॉलीच्या कडीचं भोकही त्याच वेळी करून घ्या, नाहीतर जुनी कडी नव्या पिनला महिन्याभरात खाईल. सुरक्षेची साखळी हुकात नाही, ट्रॅक्टरच्या चासीला अडकवा. हूक तुटला तर हुकात अडकवलेली साखळी त्याच्याबरोबरच जाते.

ग्रीस लावण्याआधी जुनं पुसून काढा, माती मिसळलेलं ग्रीस कानशीसारखं घासतं. दर पंधरा दिवसांनी व्हर्नियर लावा. बुश आतून 35 झाला की तो दाबून काढून नवा बसवायचा, पट्टीला हात लावायचा नाही.