उणे ४०

सकाळी साडेसात. पार्किंगमध्ये घामाच्या धारा, आणि मोबाइलवर गाडीचा स्कॅनर दाखवतोय: कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, तापमान उणे ४० अंश. पुण्यात, मे महिन्यात!

लेक शेजारी टॉर्च धरून उभी होती. म्हणाली, "बाबा, गाडीला थंडी वाजतेय?"

बिघाडाचा कोड पी०११८. कूलंटचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं सर्किट ओपन, म्हणजे कुठेतरी तुटलेलं. या सेन्सरच्या आत छोटा थर्मिस्टर असतो. तापला की त्याचा विजेला होणारा रोध कमी होतो, आणि त्यावरून ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, इंजिन किती गरम आहे ते कळतं. आतली जोडणी तुटली की रोध जवळजवळ अनंत, म्हणजे ईसीयूच्या लेखी कडाक्याची थंडी. माझ्या गाडीत म्हणूनच पेट्रोल जास्त जात होतं आणि इंजिनचा पंखा थांबत नव्हता.

इंजिन पूर्ण थंड होतं. कनेक्टरची क्लिप हळूच सोडवली, १९ चा पाना लावला. जुना सेन्सर निघाल्याबरोबर भोकावर अंगठा, त्यामुळे कूलंट थोडंसंच सांडलं. नवा बसवला, कूलंट भरून हवा काढली. स्कॅनरवर ३१. लेकीने टाळ्या वाजवल्या.

पण तिचा प्रश्न डोक्यातून जात नाहीये. डॅशबोर्डवरचा इंजिनचा पिवळा दिवा तीन आठवडे लागलेला होता. गाडी चालतेय ना, म्हणून मी तो रोज बघत ऑफिसला जात होतो. तिने मात्र पहिल्याच नजरेत विचारलं, हिला काय होतंय?

आईचा गुडघाही महिनाभर दुखतोय. तीही चालतेय.

डॉक्टरांची आज संध्याकाळची वेळ घेतली.