तरंगत्या खुर्चीचं लायसन

उत्तरायणाच्या दिवशी सगळं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर असतं, कुणाचं काही खासगी राहत नाही. २०२४च्या उत्तरायणाला मी आमच्या सोसायटीच्या अगाशीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, पायपंपाने एक निळी वस्तू फुगवत बसलो होतो. मुलीकडून, म्हणजे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या बॉयसीहून, आणलेली बॅग तीन आठवडे तशीच पडून होती. प्रवासात कुठे चीर गेली का ते बघायचं होतं. बादलीत साबणाचा फेस करून शिवणींवर फासला आणि बुडबुडा येतो का म्हणून वाकलो, तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरचं ‘काप्यो छे’ एकदम थांबलं आणि आवाज आला, “अंकल, ए शुं छे?”

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. दांडिया बाजारात भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, रिफायनरीतल्या जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर. “ती हवेची खुर्ची कुठून घेतलीत? कितीला पडते? आणि हो, तिला लायसन लागतं का?” तुम्ही विचारलंत म्हणून, आणि तोंडी सांगून मी थकलोय म्हणून, एकदाचं लिहून टाकतो.

तिला फ्लोट ट्यूब म्हणतात, पाण्यात तरंगत बसून मासे धरायची खुर्ची. पूर्वी ट्रकच्या चाकाची ट्यूब, तिच्यावर कॅनव्हासचं आवरण आणि मधल्या भोकात बसायला झोळी, एवढाच मामला होता. आताच्या ट्यूबा इंग्रजी यू किंवा व्ही अक्षरासारख्या, पुढून उघड्या. अडचणीत सापडलात तर पटकन बाहेर पडता येतं, म्हणून गोल ट्यूब कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. तुम्ही त्यात आरामखुर्चीत बसावं तसं बसता, कमरेच्या खालचं अंग पाण्यात. छातीपर्यंत येणारी रबरी विजार घालायची, तिला वेडर म्हणतात. पायांत बदकासारखे फिन्स. पाय मारले की खुर्ची मागे सरकते. पुढे जायचं असेल तर पाठ फिरवायची. पाण्यात शिरतानाही फिन्स घालून उलटं चालत शिरावं लागतं. पहिल्या दिवशी मुलगी काठावरून ओरडली, “बाबा, उलट्या पायाचं भूत दिसताय!”

पण हात दोन्ही मोकळे. हे ज्याने वल्हं मारता मारता गळ टाकलाय त्यालाच कळेल. वाऱ्याने होडी फिरते, दोरी सैल पडते, मासा तोंड लावून निघून जातो आणि आपण वल्ही सावरत बसतो. ट्यूबमध्ये पायाचा हलका झटका दिला की तुम्ही जागच्या जागी. शिवाय तुमची नजर पाण्याच्या पातळीला असते. बॉयसीच्या उत्तरेला कॅस्केड गावाजवळ हॉर्सथीफ नावाचा जलाशय आहे, शब्दशः घोडेचोर. तिथे पहाटे धुक्यात बसलो होतो, आणि माझ्यापासून दोन हातांवर ट्राउट माशाने वर येऊन पाण्यावरची माशी उचलली, त्याचा ‘प्लुक’ आवाज मला ऐकू आला. सीकेपी घरात जन्मलो, मासे आयुष्यभर खाल्ले, पण मासा जेवताना त्याचा आवाज एकसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. (त्यातले दोन नंतर रवा लावून तळले. तिथे दिवसाला ६ ट्राउटची मर्यादा असते, माझी मजल तिथवर कधी गेली नाही.)

आता खरेदी. नवी घेतलीत तर बिल जपून ठेवा, एवढंच. जुनी घेणार असाल तर फुगवून रात्रभर ठेवा आणि सकाळी अंगठ्याने दाबून बघा. साबणाचं पाणी शिवणींवर लावाच, पण हवेच्या तोंडाशी आधी, गळती बहुतेक तिथेच असते. आतली हवेची पिशवी वेगळी मिळते आणि बदलता येते. बाहेरच्या कापडाची चेन दात सोडत असेल तर मात्र सौदा सोडून द्या. थंड पाण्यात गेल्यावर आतली हवा आकसते आणि ट्यूब मऊ पडते. दहा मिनिटांनी काठावर येऊन पुन्हा चार पंप मारायचे. आपल्याकडे उलट, वैशाखातल्या उन्हात घट्ट फुगवून ठेवलीत तर शिवणच उसवेल. वजन साधारण ५ ते ७ किलो, त्यामुळे विमानाच्या २३ किलोच्या बॅगेत ट्यूब, फिन्स आणि मुलीने दिलेले बदाम सगळं मावलं. कितीला पडली ते विचारू नका, जावयाने घेऊन दिली आणि बिल दाखवलं नाही.

पाँटून बोट ही तिची थोरली बहीण. आठ-नऊ फुटांच्या दोन लांबट ट्यूबा, त्यांच्यावर लोखंडी चौकट, खुर्ची, दोन वल्ही. पाय पाण्याच्या वर, पावठ्यावर. वाहत्या नदीत आणि वाऱ्यात ही बरी, पण उचलायला दोघं लागतात. आणि मागे मोटर लावायची सोय असते. लायसनची सगळी भानगड इथून सुरू होते.

आमच्या जावईबापूंनी एका घरगुती विक्रीत जुनी पाँटून बोट घेतली, बॅटरीवरच्या छोट्या मोटरीसकट. विकणारा म्हणाला, “इलेक्ट्रिक आहे, नोंदणी लागत नाही.” हे चूक. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बोटीला चालवणारं कुठलंही यंत्र असलं की तिला त्या राज्याचा नंबर घ्यावा लागतो. पेट्रोल की बॅटरी, हा प्रश्नच येत नाही. आयडाहोत तो नंबर आयडी या अक्षरांनी सुरू होतो, आणि अक्षरं निदान ३ इंच उंच, बोटीच्या दोन्ही अंगांना, रंगाने उठून दिसतील अशी लावायची. हवेच्या गोल ट्यूबवर ३ इंची अक्षरं चिकटवून बघा एकदा. टिकत नाहीत. लोक चौकटीला पाटी बांधतात आणि तिच्यावर नंबर लावतात.

नंबर घ्यायला गेलो तर खिडकीवरच्या बाईंनी विक्रीचा कागद मागितला. जावयाकडे नव्हता, रोख पैसे देऊन हात मिळवून आले होते. मग त्यांनी बोटीच्या सांगाड्यावरचा १२ अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक विचारला. कारखान्यात बनलेल्या प्रत्येक बोटीवर तो असतो, आपल्या गाडीच्या चॅसी नंबरसारखा. आमच्या चौकटीला कुणीतरी प्रेमाने हिरवा रंग दिला होता, त्याखाली काय होतं ते देव जाणे. दोन खेपा झाल्या, विकणारा गाव सोडून गेलेला. तिसऱ्या खेपेच्या आदल्या रात्री जावयाने पाना घेतला आणि मोटर उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात ठेवली. विनामोटर, वल्ह्यांची बोट: त्या राज्यात नोंदणी नाही. पाण्यातले उपद्रवी जीव पसरू नयेत म्हणून तिथे बोटींना वेगळं स्टिकर घ्यावं लागतं, पण दहा फुटांहून लहान, हवेच्या, विनामोटर बोटींना तेही माफ. मासेमारीचा परवाना मात्र माणसाचा, तो वेगळा आणि सक्तीचा. मी पाहुणा म्हणून तो महाग घेतला.

हे सगळं एका राज्याचं. ओहायोत साध्या कॅनो आणि कयाकचीही नोंदणी करावी लागते. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या भाईंचा मुलगा न्यू जर्सीला आहे म्हणून त्याने माझ्या सांगण्यावर जाऊ नये, त्याच्या राज्याचा नियम वाचावा आणि विकणाऱ्याकडून सही केलेला कागद घ्यावा.

मग इथलं काय? इथे मी थोडा थांबतो, कारण माझ्या त्या अगाशीवरच्या प्रयोगानंतर चौथ्या दिवशी, १८ जानेवारीला, हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेहून जास्त माणसं होती, आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेटं नव्हती. आमच्या पिढीला १९९३ साली शहरातल्याच सुरसागर तलावात उलटलेली बोट आठवते. तीस वर्षांनी शहर पुन्हा तिथेच येऊन उभं राहिलं. महिनाभर मला कुणीही काही विचारलं नाही, ट्यूब मी माळ्यावर टाकली. पुढे प्रश्न परत सुरू झाले तेव्हा त्यांचा क्रम बदलला होता. “लाइफ जॅकेट घालता ना?” हे आधी, लायसन नंतर.

घालतो. ट्यूब म्हणजे लाइफ जॅकेट नव्हे, ती फुटू शकते आणि तुम्ही तिच्यातून घसरू शकता. वेडरचा कमरेचा पट्टाही आवळलेलाच हवा, नाहीतर पडल्यावर विजारीत पाणी भरतं आणि उठणं मुश्कील होतं.

लायसनचं म्हणाल, तर आपल्या देशात १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा अंतर्देशीय जहाज कायदा आला. त्यातही मुख्य रेघ मोटरीचीच आहे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीची तपासणी आणि नोंदणी. बिनयंत्राच्या बोटींची नोंद स्थानिक पातळीवर ठेवायची सोय राज्यांना करून दिली आहे. पण खरं सांगू का, तुमच्या एकट्याच्या हवेच्या खुर्चीचा प्रश्न त्या आधीच अडतो. पाणी कुणाचं? आजवा तलाव सयाजीराव महाराजांनी शहराला पाणी पाजण्यासाठी बांधला, आजही तेच पाणी नळाला येतं. त्यात कुणी उठून पाय बुडवून बसावं हे महापालिकेला का चालावं? दुसऱ्या तलावांत मासेमारीचा ठेका कुणाचा ना कुणाचा असतो, त्याला विचारावं लागतं. लेखी परवानगी आधी, खुर्ची मागून.

आणि समजा, सगळे कागद मिळाले. तरी बडोद्यात मी ती ट्यूब पाण्यात घालणार नाही. कारण तुम्हाला ठाऊक आहे, विचारताना विसरता एवढंच. ज्या गावात विश्वामित्री नदी कामाठीबागेतून वाहते आणि तिच्या काठावर मगरी ऊन खात पडतात, २०२४च्या ऑगस्टच्या पुरात जिथे मगर अकोट्यातल्या घराच्या छपरावर चढून बसली, त्या गावात कमरेखालचं अंग पाण्यात सोडून दोन तास संथपणे पाय हलवत बसायचं? मगर पाण्याखालून येते. ट्यूबची सगळी गंमत पायांत आहे, आणि तीच इथे नडते.

हे मला पुस्तकातून कळलं असं समजू नका. गेल्या वर्षी वाघोडियाकडच्या एका गावातल्या मित्राने आग्रह केला, “आमच्या तळावात ये, रोहू आहेत, सरपंच माझा मावसभाऊ.” परवानगी झाली. मी लाइफ जॅकेट घातलं, ट्यूब फुगवली, काठावर बसून फिन्स चढवले. म्हशी घेऊन आलेल्या एका आजी बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी अगदी मायेने म्हणाल्या, “मगर छे, पण कंई करतो नथी.”

मी फिन्स काढले. मित्र म्हणाला, आजी कधीपासून हेच सांगतात, कुणाला काही झालं नाही. असेल. आजींच्या म्हशींना ती मगर ओळखत असेल, मला कशाला ओळखेल? त्या दिवशी पाण्यापासून दहा पावलं मागे उभं राहून गळ टाकला, कणकेच्या गोळीवर दोन लहान रोहू लागले, सोडून दिले.

“मग पाँटून घ्या की, तिच्यात पाय वर असतात,” असं एका मित्राने सुचवलं. असतात, जोवर बोट तरंगतेय तोवर. उथळात रुतली की उतरून ढकलायची कुणी? आणि मगरीची मादी उन्हाळ्यात काठावरच्या अंड्यांपाशी असते, तेव्हा ती पाय वर की खाली बघत बसत नाही. विणीचा काळ म्हणजे नेमका आपला मासेमारीचा चांगला हंगाम, पाणी आटलेलं, मासा एका जागी गोळा झालेला.

तर ट्यूब आहे. पुढच्या वेळी बॉयसीला जाताना बॅगेत घालीन, तोवर माळ्यावर. वर्षातून एकदाच खाली येते, उत्तरायणाला, हवा टिकतेय का बघायला. यंदा शेजारच्या गच्चीवरचा मुलगा ती बघून भिंत ओलांडूनच आला आणि फिरकी मांडीवर घेऊन तिच्यात बसला. खुर्चीसमोर जाळीचं एक झोळणं असतं, माशाची लांबी मोजायला त्यावर इंचांच्या खुणा छापलेल्या. त्यात त्याच्या आईने तिळाची चिक्की ठेवली. नऊ इंची निघाली.