आवाज येतोय, तरी म्हणे ड्रायव्हर नाही

‘ऑडिओ ड्रायव्हर सापडला नाही’ अशी चौकट स्क्रीनवर आली की बहुतेक जण पहिला हात घालतात तो रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला. काढायचं, पुन्हा टाकायचं. मला त्या दिवशी फोन आला तेव्हा तेही करून झालं होतं. गायिका येऊन बसल्या होत्या, माइक ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे माइक आणि कॉम्प्युटर यांना जोडणाऱ्या डब्याला, लागलेला होता आणि आमचा तरुण संगीतकार मित्र पार रडकुंडीला आला होता. “दादा, ब्राउझरमध्ये गाणं वाजतंय, तेही याच इंटरफेसमधून. मग ड्रायव्हर नाही असं कसं म्हणतंय?”

प्रश्न अगदी बरोबर होता, आणि उत्तरही त्याच्याच बोलण्यात होतं.

ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर आणि कॉम्प्युटर यांच्यात दुभाषाचं काम करणारा छोटा प्रोग्रॅम. विंडोजमध्ये आवाजाला जायला एकच वाट नसते. ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअरचा आवाज सहसा विंडोजच्या स्वतःच्या मिक्सरमधून जातो. रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअर बहुधा आसिओ वापरतात. स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणलेली ही पद्धत तो मिक्सर टाळून थेट हार्डवेअरशी बोलते, म्हणून आवाजाला उशीर कमी लागतो. पण आसिओचा ड्रायव्हर विंडोज देत आलेलं नाही, तो इंटरफेसच्या कंपनीकडूनच घ्यायचा. म्हणजे एक वाट खुली आणि दुसरी बंद, असं सहज होऊ शकतं.

गेल्या गेल्या डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या हार्डवेअरची विंडोजमधली यादी, उघडला. बिघाड दाखवणारा पिवळा त्रिकोण कुठेच नाही. तो असता तर बरं झालं असतं, कारण त्याच्यासोबत कोड मिळतो: २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही, १० म्हणजे डिव्हाइस सुरू होत नाहीये. इथे सगळं सुरळीत दिसत होतं. मग इंटरफेसच्या नावावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ड्रायव्हरचा टॅब पाहिला. पुरवठादार म्हणून नाव होतं मायक्रोसॉफ्ट. तिथे कंपनीचं नाव असायला हवं होतं.

विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, यूएसबी ऑडिओ क्लास २ चा, म्हणजे यूएसबीवरून आवाज नेण्याच्या सामाईक मानकाचा, ड्रायव्हर विंडोजमध्येच येतो. कंपनीचा ड्रायव्हर नसला तरी असा इंटरफेस जोडला की वाजू लागतो. मला ही सोय मनापासून आवडते. पण तिच्यामुळेच मूळ ड्रायव्हर गेल्याचं कुणाच्या लक्षातच येत नाही.

एक गोष्ट अजून खटकत होती. सॉफ्टवेअरच्या यादीत इंटरफेसचं आसिओ नाव दिसत होतं, निवडलं की मात्र चूक यायची. रजिस्ट्री, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली. एचकेईवाय लोकल मशीन, त्यात सॉफ्टवेअर, त्यात आसिओ. तिथे नाव होतं आणि नावाखाली तो लांबलचक ओळखक्रमांक. क्रमांकाचा माग काढला तर एका डीएलएल फाइलचा, म्हणजे ड्रायव्हरच्या प्रत्यक्ष फाइलचा, पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर गेलो, तर फाइल सोडाच, फोल्डरसुद्धा नव्हतं. घर रिकामं झालं होतं, दारावरची पाटी तेवढी राहिली होती.

“इतक्यात काही काढलंस का रे?”

“डिस्क भरत आली होती म्हणून इंटरफेससोबत आलेलं ते मिक्सरचं पॅनेल उडवलं. कधी उघडतच नव्हतो.”

ते पॅनेल आणि ड्रायव्हर एकाच पॅकेजमध्ये होते. पॅनेलबरोबर ड्रायव्हरही गेला, रजिस्ट्रीतली नोंद मात्र मागे राहिली.

तो म्हणाला, “तोवर आसिओ-फोर-ऑल टाकून काम उरकू या का?” आसिओ-फोर-ऑल म्हणजे विंडोजच्या ड्रायव्हरवर बसून आसिओचं काम भागवणारा सर्वसाधारण ड्रायव्हर. पाठ केलेलं भाषण रेकॉर्ड करायचं असतं तर मी हो म्हणालो असतो. इथे तयार ट्रॅकवर गायचं होतं. अशा जोडकामात उशीर नेमका किती धरायचा याचा सॉफ्टवेअरचा अंदाज चुकू शकतो, मग घेतलेला टेक तालापासून किंचित सरकून बसतो. गाणारीने जीव ओतायचा आणि आपण नंतर तो माउसने ओढत बसायचं, हे मला पटत नाही. ताईंना म्हणालो, “थोडा वेळ द्या, नीटच करतो.” त्यांनी हसून मान हलवली.

केबल काढली. रजिस्ट्रीतल्या त्या नोंदीची प्रत बाजूला ठेवून मगच ती पुसली. रीस्टार्ट. कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर उतरवला आणि इन्स्टॉलरने सांगितल्यावरच केबल लावली, तीही हबमध्ये नाही, थेट कॉम्प्युटरला. इथे घाई करून केबल आधी लावली तर विंडोज पुन्हा स्वतःचा ड्रायव्हर पुढे करू शकतं. टॅबवर आता कंपनीचं नाव आलं.

सॉफ्टवेअरमध्ये ड्रायव्हर निवडला. सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला घेतले जाणारे आवाजाचे नमुने, ४८,०००; बफर, म्हणजे एका वेळी पुढे जाणारे नमुने, १२८. म्हणजे बफरमागे सुमारे २.७ मिलिसेकंद उशीर. जाता-येता दोन्हीकडचा धरला आणि आवाजाचे आकडे करणाऱ्या कन्व्हर्टरचा मिळवला तरी गाण्याला न जाणवण्याइतका. प्रोजेक्टमधले इनपुट तुटलेले दिसत होते, ते एकेक करून पुन्हा जोडले. ब्राउझर बंद करायला लावला, कारण दुसऱ्या प्रोग्रॅमने मध्येच सॅम्पल रेट बदलला तर नवा घोटाळा.

ताईंनी हेडफोन लावून एक ओळ म्हटली आणि म्हणाल्या, “आता आवाज माझ्याबरोबर चालतोय. चला, घ्या.” ठरलेलं गाणं त्याच बैठकीत पूर्ण झालं.

निघण्याआधी इन्स्टॉलरची फाइल आवृत्तीच्या क्रमांकासकट प्रोजेक्टच्या बॅकअप ड्राइव्हवर ठेवली. जुन्या मॉडेलचे ड्रायव्हर साइटवर कायम मिळतीलच असं नाही, आणि हा इंटरफेस तो अजून बरीच वर्षं वापरणार आहे.