५.८ किलोमीटरवरचा ट्रफ आणि शिमल्याचा बर्फ

पावसाळ्यात सगळा गाव हवामानतज्ज्ञ असतो. दिवाळी झाली की उरतो आपण मोजके लोक, नाशिकमध्ये बसून तेराशे किलोमीटर लांबच्या शिमल्यात बर्फ पडावा म्हणून देव पाण्यात ठेवणारे. नवा हिवाळा सुरू होण्याआधी काय काय काम झालं ते इथे मांडतो.

मुख्य बदल असा की माझ्या हवामानाच्या नोंदवहीत पावसाच्या मिलिमीटरचा रकाना आता शेवटी गेला. पहिला रकाना अक्षांशाचा. आयएमडीच्या (भारतीय हवामान खात्याच्या) हिवाळी बुलेटिनमध्ये एक ठरलेलं वाक्य येतं ते तुम्ही वाचलंच असेल: समुद्रसपाटीपासून ५.८ किलोमीटरवर पश्चिमी वाऱ्यांतला ट्रफ, अमुक रेखांशाला धरून, तमुक अक्षांशाच्या उत्तरेला. ट्रफ म्हणजे वरच्या वाऱ्यांना दक्षिणेकडे पडलेला कमी दाबाचा बाक. तो किती खाली आलाय, त्या ‘तमुक’मध्ये सगळी गोम आहे. आकडा ३२च्या पुढे असेल तर काश्मीर-लडाखचं भागेल आणि शिमल्याला ढगांवर समाधान मानावं लागेल, कारण शिमलाच ३१ अंशांवर आहे. २८ वाचलं की मी सावरून बसतो. २५ दिसलं तर घरात सगळ्यांना सांगून टाकतो, मग कुणी ऐको वा न ऐको.

ट्रफ जितका खाली लोंबेल तितकी अरबी समुद्रावरची ओल ओढली जाण्याची शक्यता वाढते. वेस्टर्न डिस्टर्बन्स, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची सिस्टीम, भूमध्य समुद्राकडून निघतो खरा, पण इराण-अफगाणिस्तानचं कोरडं पठार ओलांडेपर्यंत तो बराच दमलेला असतो. राजस्थान-पाकिस्तानच्या सीमेवर त्याच्या पोटी खालच्या थरात वाऱ्यांचं एखादं चक्राकार अभिसरण तयार झालं आणि त्याने समुद्राकडून दमट वारे खेचले, तरच धौलाधार आणि पीर पंजालच्या डोंगररांगा बर्फाने दणकून भरतात. चार दिवस आधीपर्यंत अंदाजाची संगणकी मॉडेलं डळमळतात त्याचंही एक कारण त्याच वाटेवर आहे: त्या टापूत फुगे सोडून वरच्या हवेची मोजणी करणारी केंद्रं फार कमी.

पावसाळ्यात ईआरए५चा (मागच्या हवामानाच्या जागतिक नोंदसंचाचा) जुना डेटा उतरवून दोन हिवाळे शेजारी शेजारी लावले. पहिला जानेवारी २०२४चा. आठवत असेल, गुलमर्गच्या उतारांवर जानेवारी सरत आला तरी गवत दिसत होतं, शिमला कोरडं ठणठणीत आणि खाली पंजाब-दिल्ली धुक्यात. बर्फ आला तो महिना संपता संपता आणि फेब्रुवारीत. दुसरा डिसेंबर २०२४. ८ तारखेला शिमल्यात मोसमातला पहिला बर्फ, २३ला पुन्हा, आणि २७-२८ला आलेली सिस्टीम तर अशी खोल की श्रीनगरला बर्फ, दिल्लीत डिसेंबरमधला एका दिवसाचा शंभर वर्षांतला विक्रमी पाऊस आणि इकडे उत्तर महाराष्ट्रात अवकाळी. नकाशे एकाखाली एक ठेवल्यावर दोन हिवाळ्यांतला फरक समजायला तापमान बघावंच लागत नाही. ५०० हेक्टोपास्कलच्या, म्हणजे त्याच ५.८ किलोमीटरच्या आसपासच्या हवेच्या दाबाच्या, रेषा दक्षिणेकडे किती खाली उतरल्यात एवढं पुरतं.

आता तापमानाकडे. युरोपातल्या हौशी मंडळींचा नियम आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेला असतो: ८५० हेक्टोपास्कलला उणे ५ म्हणजे बर्फ. शिमल्याला तो लावून उपयोग नाही. ८५०ची पातळी साधारण दीड हजार मीटरवर आणि शिमला २,२०० मीटरवर. म्हणजे मॉडेल तिथे जे तापमान दाखवतं ते डोंगराच्या पोटातलं! मी ७०० हेक्टोपास्कल बघतो, तीन हजार मीटरच्या आसपासचं, आणि तिथून खाली हिशेब करत येतो.

पण सगळ्यात कामाचा ठरला वेट बल्ब, म्हणजे पाणी वाळताना हवा जिथपर्यंत थंड होऊ शकते ते तापमान. समजा रिजवर, म्हणजे शिमल्याच्या माथ्यावरच्या मोकळ्या चौकात, ३ अंश आहेत आणि आर्द्रता ४५ टक्के. नुसता थर्मामीटर बघणारा म्हणेल, पाऊस. पण पडू लागलेलं पाणी त्या कोरड्या हवेत वाळतं, वाळताना हवेतली उष्णता घेतं आणि तापमान उणे १च्या आसपास घसरू शकतं. बर्फ! तेच ३ अंश ९० टक्के आर्द्रतेला असतील तर हवा २च्या खाली उतरायला तयार नसते, आणि माल रोडवर छत्र्या उघडतात. म्हणून सिस्टीम यायच्या आदल्या संध्याकाळी हवा कोरडी असलेली मला हवी असते. नारकंड्याला होमस्टे चालवणारे एक ओळखीचे भाईसाब आहेत, त्यांना मी फोनवर आर्द्रता विचारतो. ते हसतात आणि म्हणतात, “फाहे गिरेंगे तो फोटो भेज दूंगा.” (फाहे म्हणजे बर्फाचे कापसासारखे पुंजके.) त्यांचं नारकंडा २,७०० मीटरवर. त्यांना काय चिंता?

शिमल्याची खरी परीक्षा उंचीतच आहे. जाखूची टेकडी २,४५५ मीटर, रिज त्याहून अडीचशे मीटर खाली. एकाच ढगातून वर बर्फ आणि खाली पाऊस असं अनेकदा होतं. मॉडेलला मात्र जाखूही दिसत नाही आणि रिजही. ते नकाशाचे चौकोन पाडून हिशेब करतं आणि त्याच्या एका चौकोनात सतलजचं खोरं, कालकाकडचा उतार आणि डोंगर सगळं सरासरीत जमा. चौकोन खऱ्या गावापेक्षा ६०० मीटर खुजा निघाला तर तापमान जवळपास ४ अंशांनी जास्त दिसणार. ही दुरुस्ती आता शीटमध्ये आपोआप होते: चौकोनाची उंची, ठिकाणाची उंची, दर किलोमीटरला साडेसहा अंश. ढगाळ, भिजलेल्या हवेत हा दर कमी भरतो, त्यासाठी वेगळा रकाना ठेवलाय.

आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने बनवलेलं भारत फोरकास्ट सिस्टीम हे मॉडेल मे २०२५पासून सुरू झालं. आधीच्या मॉडेलचा चौकोन १२ किलोमीटरचा होता, हिचा ६चा. डोंगराळ भागासाठी ही मोठी गोष्ट आहे. पावसाळ्यात तिचं कौतुक-टीका बरीच झाली, बर्फाच्या बाबतीत ती कशी वागते हे मला जास्त बघायचंय.

रोजचा क्रम सोपा आहे. जीएफएस या अमेरिकन मॉडेलचं ००चं रन (आकडा जागतिक वेळेचा) सकाळी ऑफिसच्या वेळेत येतं, ते चोरून बघावं लागतं. रात्री जेवणं आटपली की १२चं, ते निवांत. ०६ आणि १८ मी बघत नाही, नुसता जीव वर-खाली होतो. नकाशावर दहाव्या दिवसाचा बर्फाचा जांभळा पट्टा बघून कुणी हॉटेल बुक करू नये. पाच दिवसांपलीकडे फक्त एन्सेम्बल, म्हणजे सुरुवात किंचित बदलून काढलेल्या अनेक अंदाजांचा संच, तेही निम्म्याहून जास्त सदस्य एका बाजूला झुकले तरच.

मामांना या सगळ्याशी काही देणंघेणं नाही. त्यांची निफाडला द्राक्षबाग. शिमल्याला बर्फ देणाऱ्या सिस्टीमची शेपटी इकडे ढग आणते आणि भुरी या बुरशीरोगावरची फवारणी वाढते. ती पुढे सरकली की उत्तरेचं वारं मोकळं होतं, निफाडचा पारा धाडकन उतरतो आणि मण्यांची फुगवण थांबते. मग पहाटे बागेत शेकोट्या, ड्रिप चालू. “भाच्या, तुझा बर्फ कधी पडतोय ते सांग, मला सरपण गोळा करायचंय,” असा त्यांचा फोन असतो. त्यामुळे नोंदवहीत निफाडच्या किमान तापमानाचाही रकाना आलाय. शिमल्यातला बर्फ थांबल्यापासून निफाडचा नीचांक किती तासांनी येतो ते त्यात भरतोय.

(दरवर्षी कुणीतरी वेण्णा तलावाचा फोटो धाडून “महाबळेश्वरला बर्फ पडला” म्हणतंच. ते निरभ्र रात्री गोठलेलं दव. बर्फाला ढग लागतो, दवाला तो नसावा लागतो. मी आता वाद घालत नाही, अंगठा दाखवून मोकळा होतो.)

पुढचं काम: पतियाळा आणि श्रीनगरच्या फुग्यांच्या नोंदी, पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच, दोन्ही वेळच्या, शीटमध्ये थेट ओढून घ्यायच्या. श्रीनगरचं जमलंय. पतियाळ्याच्या नोंदीत मधल्या पातळ्या कधी कधी रिकाम्या येतात, त्या वगळायच्या की भरायच्या हे अजून ठरवलेलं नाही. कुणी हे केलं असेल तर कळवा.