दांडीसकट

कोल्हापूरच्या महाद्वार रोडवर एका फुलवालीपुढे उभी राहून मी एकदा विचारलं, "मावशी, निशिगंध दांडीसकट मिळंल का?" तिनं ओवायची सुई हातात तशीच धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "दांडी घिऊन काय करतीस? अंबाबाईला दांडी घालतीस व्हय?" शेजारची हसली. मी गुमान पावशेर सुटी फुलं घेतली आणि निघाले.

माझ्या घरातल्या एकतीस फुलदाण्या बाराही महिने रिकाम्या का असतात, ते मला त्या दिवशी कळलं. आपल्याकडे फूल म्हणजे देठाच्या वरचा भाग. देवाला वाहायचं, हारात ओवायचं, केसांत माळायचं, फार हौस आली तर उरळीत, म्हणजे पसरट भांड्यात, पाणी भरून पाकळ्या तरंगत सोडायच्या. देठ मोडूनच टाकायचा. आणि फुलदाणीला तर नेमका तोच हवा. त्यामुळे आपल्या घरांत ती कायम पाहुणी राहिली. तांब्याला, माठाला, लोणच्याच्या बरणीला काम असतं. हिला नाही. मग ती लग्नात आहेर म्हणून येते, शोकेसमध्ये बसते, तिच्यात प्लास्टिकचे गुलाब खोचले जातात आणि दर दिवाळीला ते गुलाब साबणाच्या पाण्यात बुचकळून वाळत घातले जातात. आमच्याकडे चिमटे लावून दोरीवर वाळत असत, बनियनच्या शेजारी.

माझ्या या खुळाची सुरुवात आजीच्या फुलदाणीनं झाली. एक डावा हात, मनगटात बांगडी, आणि त्या हातानं उभा धरलेला काचेचा कळीसारखा पेला. रंग धड केशरी नाही, धड सोनेरी नाही. उजेडात फिरवली की तिच्यावरून जांभळं-हिरवं काहीतरी सरकत जायचं, पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडल्यावर दिसतं ना, तसं. आजी तिच्यात उदबत्तीचे पुडे ठेवायची. हात कुणाचा, असं मी विचारलं की म्हणायची, "लक्ष्मीचा. हात लावू नको."

पुढे कळलं की तिला कार्निव्हल काच म्हणतात. साच्यात दाबलेल्या काचेवर ती गरम असतानाच धातूच्या क्षारांचा फवारा मारायचा, म्हणजे ही झळाळी येते. 1907-08 च्या सुमाराला अमेरिकेत हा माल निघाला तो महागड्या कलाकुसरीच्या काचेची स्वस्त नक्कल म्हणून. पुढे आणखी स्वस्त झाला, जत्रेतल्या खेळांत बक्षीस म्हणून वाटला जाऊ लागला, आणि त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. म्हणजे सरळ मराठीत जत्रेची काच. आजीची लक्ष्मी मात्र अमेरिकेची नव्हती. बुडाजवळ इंग्रजीत 'जैन' अशी उठावाची अक्षरं आहेत. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचा माल. त्यांच्याकडे माशाची निघायची, हत्तीची निघायची आणि ही हाताची. उजव्या हाताचीही निघायची म्हणे. दोन्ही हात मिळाले तर नमस्कार पुरा होईल, म्हणून वीस वर्षं मी उजवा हात शोधते आहे.

शोधते म्हणजे काय, तर भंगारवाल्यांच्या ओळखी ठेवते. पेठांमधले जुने वाडे पाडून अपार्टमेंट उभी राहतात, तेव्हा नव्या फ्लॅटमध्ये पितळ जातं, सागवानी झोपाळा जातो, आजोबांचा फोटोसुद्धा कसाबसा जातो. फुलदाणी कुणी नेत नाही. ती पोत्यात जाते, बाटल्यांबरोबर, किलोवर. लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात मी भाजी कमी आणि पोती जास्त उपसते, अशी आमच्या ह्यांची तक्रार आहे. ती खरी आहे.

म्हैस घेताना दात बघतात, तशी फुलदाणी घेताना ती उलटी करायची. सगळी कुंडली बुडाशी असते. 'चेकोस्लोव्हाकिया' असेल तर वस्तू 1918 च्या आधीची असूच शकत नाही, कारण त्याआधी तो देशच नव्हता. 'निप्पॉन' असेल तर बहुधा 1891 ते 1921 मधली. अमेरिकेनं आयात मालावर देशाचं नाव घालायची सक्ती केली तेव्हा जपान्यांनी आपलं घरचं नाव छापलं, आणि तीस वर्षांनी 'जपान असंच लिहा' म्हणून त्यांना सांगण्यात आलं. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर महायुद्धानंतरची, अमेरिकन फौजा तिथे बसलेल्या असतानाची. एवढ्याशा, वीतभर फुलदाणीच्या बुडावर हरल्याचा शिक्का. मला ती हातात घेतली की उगाच अवघडायला होतं. 'वेस्ट जर्मनी' असेल तर शेजारी बहुधा दोन आकडे असतात, मध्ये आडवी रेघ. पहिला आकाराचा नंबर, दुसरा उंची, सेंटीमीटरमध्ये. माझ्याकडची तपकिरी-नारिंगी, अंगावर लाव्हा ओतल्यासारखी खरखरीत झिलई असलेली, तिच्यावर 38 आहे. मी पट्टी लावून पाहिली. अडतीसच भरली. जर्मन माणसं.

उलटी करून झाली की टिचकी. कुंभार गल्लीत माठ घेताना आई मारायची तीच. खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे. मग डोळे मिटून काठावरून नख फिरवायचं. टवका डोळ्याला फसवतो, नखाला नाही. अंगावर केसासारख्या बारीक रेघांचं जाळं असेल तर घाबरायचं कारण नाही. भट्टीतून निघाल्यावर माती आणि झिलई निवताना सारख्या आकसल्या नाहीत, की झिलईला अशा चिरा पडतात. काही लबाड लोक नव्या मालाला असं जाळं पाडून त्यात चहाचं पाणी मुरवतात. मी एकदा फसले आहे. दोन हजार रुपये देऊन 'शंभर वर्षांची' घेतली, घरी आणून धुतली, तर मोरीत चहा वाहिला. त्या विक्रेत्याचं दुकान कुठे आहे, ते मी सांगणार नाही. ह्यांनी बघून फक्त, "दूध नाही का?" एवढंच विचारलं.

एक फुलदाणी मात्र मी अजून पूर्ण धुतलेली नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 55 फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी 43. पाणी उतरल्यावर रस्त्याच्या दोन्ही कडेला लोकांचे संसार ढीग करून पडले होते. गाद्या, फ्रिज, फुगलेल्या वह्या. महिनाभरानं नेहमीच्या भंगारवाल्याकडे निळसर पांढरी, लांब मानेची एक चिनीमातीची फुलदाणी दिसली. आत मानेपर्यंत गाळ, वाळून दगड झालेला. "तीस द्या," तो म्हणाला. मी पन्नास दिले आणि जरा लगबगीनंच निघाले, जणू कुणी ओळखेल. बाहेरून पुसली, गाळ भिजवून काढला, पण झिलईच्या चिरांमध्ये तो तांबूस रंग शिरला आहे तो शिरलाच. कुणाच्या तरी लग्नातली असेल. शोकेसच्या वरच्या कप्प्यातली असेल, कारण खालचं काही राहिलंच नव्हतं. मी ती दाराशी ठेवली आहे. कधी कुणी येऊन "ही आमची" म्हणालं तर पटकन देता यावी.

परदेशी भांड्याचं खूळ कोल्हापूरला नवीन नाही, हे मला टाउन हॉलच्या म्युझियममध्ये कळलं. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं आणि बाहेर येऊन मिसळ खायची, असा आमचा क्रम. 1945 च्या सुमाराला नदीकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडात रोमन घडणीच्या ब्राँझच्या वस्तू सापडल्या. पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, छोटी मूर्ती सगळे बघतात. त्याच वस्तूंत कान असलेली एक सुरई आहे. साताऱ्याच्या पाहुणीला मी ती दाखवली तर ती म्हणाली, "तांब्याच की हा!" तांब्याच. पण सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी तो समुद्रावरून आला, घाट चढला आणि पंचगंगेच्या काठी कुणाच्या तरी फळीवर बसला. त्या घरातही कुणीतरी म्हटलंच असणार, "ह्यात पाणी थोडंच प्यायचंय, कशाला आणलीस?"

मांडण्याबद्दल माझं एकच मत आहे आणि ते मी कुणावरही लादते. शोकेस नको. काच काचेच्या आड ठेवू नये. काचेच्या सगळ्या पूर्वेच्या खिडकीत, म्हणजे सकाळी सात ते साडेआठ फरशीवर रंग सांडतो आणि तेवढ्या वेळात मी केर काढत नाही. चिनीमातीच्या मात्र एकेकट्या. जर्मन बाईला शेजार चालत नाही, ती फ्रिजवर एकटी उभी असते. ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची एक चिमणी आहे, कंदील केव्हाच गेला. कराडजवळची ती ओगल्यांची काच माझ्या वडिलांनी अभ्यासाला वापरली होती. ती उभी करून पितळी वाटीत ठेवली की फुलदाणीच. बूड नसल्यामुळे पाणी वाटीत राहतं, एवढंच.

पाण्याचा त्रास आहेच. बोअरच्या पाण्यानं काचेच्या आत पांढरा थर धरतो. व्हिनेगर आणि मूठभर कच्चे तांदूळ घालून खळखळ हलवायचं, तासभर ठेवायचं, पुन्हा हलवायचं. जुन्या मातीच्या फुलदाणीत थेट पाणी कधीच नाही. झिरपतं आणि टेबलावर गोल डाग पाडतं. आत एक लोणच्याची बाटली बसवायची.

पण बाटलीत घालायचं काय, तो प्रश्न राहिलाच. सजावटवाल्यांकडे जरबेरा, ग्लॅडिओलस दांडीसकट मिळतात, पण ते बघून मला कायम स्टेजवर सत्कार चालू आहे असं वाटतं.

उत्तर करवीर तालुक्यातल्या काकांच्या शेतात मिळालं. डिसेंबरात गेले होते, बांधावरून बघते तर अख्ख्या फडाला तुरे आलेले. रुपेरी, किंचित जांभळट, वाऱ्यावर एकदम एका बाजूला लवणारे. मी तोंडभरून म्हणाले, "काका, काय सुंदर दिसतंय!" काकांनी माझ्याकडे फुलवालीसारखंच पाहिलं. "सुंदर? आगं तुरा आला म्हंजे वाढ खुटली. आता ऊस पोकळ पडणार, वजन घटणार. आन् कारखान्याची तोड अजून न्हाई." मी गप्प झाले. निघताना मात्र हळूच चार तुरे मागितले. काकूंनी कोयत्यानं छाटून दिले, हातभर दांडीसकट. जर्मन फुलदाणीत ते उभे केले तेव्हा अडतीस सेंटीमीटर कशासाठी होते, ते समजलं.

काकांना ते कळलं तेव्हा ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमचं नुकसान दिवाणखान्यात मिरवतीस व्हय गं?" पुढच्या दोन वर्षी मी मागितलेच नाहीत.

यंदा संक्रांतीच्या आदल्या दिवशी दाराची बेल वाजली. काका. खांद्यावर धोतराच्या पानात बांधलेला तुऱ्यांचा भारा, टोपीवर, मिशीवर, स्वेटरवर पांढरा भुरका. भारा त्यांनी दाराशी, पुरातल्या फुलदाणीजवळ टेकवला.

"घे," म्हणाले. "यंदा लई आलाय. आन् च्या टाक."